मागितल्याशिवाय उघडत नाही

४ मार्च

कंपनीने दुकानाबरोबर ही डायरीही फुकट दिली. जाड पुठ्ठा, वर कंपनीचं चिन्ह. फुकट मिळालेली वस्तू नुसती पडून राहिली की माझा जीव वरखाली होतो, म्हणून लिहायला बसले.

आज पाटी लागली. कालपर्यंत आमचं झेरॉक्स आणि वह्या-पेनांचं दुकान होतं, आजपासून मोबाईल कंपनीचं अधिकृत दुकान. काचेचं दार, छतात गोल दिवे, भिंतीवर फोन मांडायला उजळ फळ्या, वर एसी. सगळा खर्च कंपनीचा. बदल्यात तीन वर्षं दुसऱ्या कंपनीचं साधं सिमकार्डसुद्धा दुकानात ठेवायचं नाही. हे पंपावरची पाळी संपवून थेट दुकानात आले, सगळीकडे फिरून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे दुकान आपलं आणि मन त्यांचं." ह्यांनी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर आयुष्य काढलं. बटण दाबलं की पाणी चढतं, एवढाच धंदा त्यांना ठाऊक. मी म्हटलं, अहो, असं दुकान स्वतःच्या पैशांनी उभं करायला आपल्याला सात जन्म पुरले नसते.

मुंगीने पाटी दोनदा उतरवायला लावली. म्हणे डावीकडे कलतेय. मुंगी म्हणजे माझी मुलगी. लहानपणी एका जागी बसायची नाही, घरभर रांगेत चालल्यासारखी चालायची, तेव्हापासून मुंगी. जमीन मोजण्याचा डिप्लोमा केलाय तिने, त्यामुळे वाकडी रेघ तिला सोसत नाही. शिकायला बाहेर ठेवली तेव्हाच ठरलं होतं, खर्च आम्ही करू, परत आली की तीन वर्षं दुकान सांभाळायचं. आता पाचवं चालू आहे. रमली पोरगी. पाटी मात्र खरंच कलत होती.

९ मार्च

मोठ्या शहरात प्रशिक्षण. आमच्या भागाचे अधिकारी शिकवत होते. त्यांचा टाय इतका लांब, की बोलता बोलता पाण्याच्या पेल्यात बुडाला. मनातल्या मनात मी त्यांना टायवाले म्हणते.

सगळे माना डोलवत होते, मी हात वर केला. विचारलं, फोन एवढा स्वस्त का देता आणि देता तर त्याला कुलूप का घालता? टायवाल्यांनी पडद्यावर आलेख दाखवले. आलेख कळले नाहीत, पण घरी येताना गाडीत आपोआप उलगडलं.

चांगल्या फोनची खरी किंमत ऐकली की माणूस दुकानाच्या पायरीवरून परत फिरतो. म्हणून कंपनी त्यातला मोठा हिस्सा स्वतः भरते आणि गिऱ्हाइकाकडून दोन वर्षांचा करार लिहून घेते. महिन्याच्या बिलात थोडं थोडं करून तो हिस्सा वसूल होतो. म्हणजे फोन हा धंदाच नव्हे, बिल हा धंदा. पण समजा एखाद्याने स्वस्तातला फोन उचलला, दुसऱ्या महिन्यात बिल बुडवलं आणि आत दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं, तर कंपनीच्या पैशांवर शेजाऱ्याची चूल पेटली. म्हणून कुलूप. फोन फक्त आपल्याच कंपनीचं सिम ओळखतो. दुसरं घातलं की पडद्यावर चौकट येते आणि कोड मागते.

उद्या गिऱ्हाइकाने विचारलं तर हे मी दोन मिनिटांत समजावू शकते. टायवाल्यांना अर्धा दिवस लागला.

१७ मार्च

पहिला खोचक प्रश्न आला. निवृत्त मास्तर, कोपऱ्यावरच्या इमारतीत एकटे राहतात. त्यांनी फोन पूर्वीच शहरातल्या मोठ्या दुकानातून घेतलाय, बिल भरायला आता आमच्याकडे येतात. मी एका जोडप्याला करार समजावत होते, ते मागे उभं राहून ऐकत होते. जोडपं गेल्यावर म्हणाले, "बाई, सही घेतलीत. बिल बुडवलं तर दंड, तेही लिहून घेतलंत. मग वर कुलूप कशाला?"

मी म्हटलं, मास्तर, तुम्ही वर्गात मुलांकडून शपथ घेऊनही परीक्षेला पहारा ठेवायचात ना?

हसले. म्हणाले, ठेवायचो, पण परीक्षा संपली की दार उघडायचो. मुंगी काउंटरमागे होती, तीही हसली. जरा जास्तच हसली.

२ एप्रिल

समोरच्या डॉक्टरशी खटका. डॉक्टर म्हणजे फोन दुरुस्त करणारा. त्याच्या टपरीवर 'मोबाईल हॉस्पिटल' लिहिलंय, म्हणून सगळे डॉक्टर म्हणतात. त्याने काचेवर कागद चिकटवलाय: 'कुलूप उघडून मिळेल'. आमच्या दारासमोर! मी पायरीवर उभी राहून ऐकू जाईल असं म्हटलं, चोराला निदान अंधार तरी लागतो. तो तिकडून म्हणाला, "काकू, तुम्ही कुलपं लावा, मी उघडतो. दोघांची चूल चालते."

मुंगी म्हणाली, आई, तो माणूस वाईट नाहीये. मी म्हटलं, वाईट नाही, पण त्याच्या खिळ्यासारख्या हत्याराने उघडलेला फोन पुढे कधी बंद पडेल याचा भरवसा काय? कंपनी असे फोन काळ्या यादीत टाकते आणि मग ते कुठेच लागत नाहीत.

२१ एप्रिल

मुंगीची धंद्याची नजर पाहून मी चकित. वरच्या डोंगरात नवीन धरणाचं काम सुरू होतंय. तिकडचे मजूर, ट्रकवाले आले की ही हटकून विचारते, तिथे कुणाची रेंज येते, रस्ता कसा आहे, राहायची सोय काय. रेंज आमची येत नाही, फक्त त्या दुसऱ्या कंपनीची येते. मी टायवाल्यांना फोन करून सांगितलं की माझी मुलगी बाजारपेठेचा अभ्यास करतेय, तिकडे टॉवर टाका. ते म्हणाले, वर कळवतो.

ह्यांनी नवीन बूट आणले. जाड तळव्याचे, घोट्यापर्यंतचे, महागडे. पायात घालून पाहिले तर ह्यांची टाचसुद्धा आत जाईना. बदलून आणा म्हटलं तर म्हणाले, राहू देत, चामडं सैल होईल. इतक्या वर्षांत स्वतःच्या पायाचं माप कळलं नाही या माणसाला.

२६ एप्रिल

गच्चीवर जाऊन मुंगी हळू आवाजात फोनवर बोलते. मी जिना चढले की "ठेवते सर" म्हणते. सर! कुणीतरी आहे. नोकरदार असावा. ह्यांना विचारलं तर पेपरात डोकं घातलं. मी काही जुन्या वळणाची नाही. मुलगा बरा असेल आणि याच गावात राहणारा असेल तर माझी हरकत नाही. लग्नानंतरही दुकानात येता येईल.

३० एप्रिल

आज मी एका दगडात दोन पक्षी मारले.

महिन्याच्या टार्गेटला एक करार कमी पडत होता. सलग तीन महिने टार्गेट पुरं केलं तर कंपनी ढाल देते. तिच्यासाठी मी काउंटरमागची एक फळी रिकामी ठेवलीय. दुपारपर्यंत एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. मग सुचलं. मुंगीचा वाढदिवस पुढच्याच आठवड्यात आहे आणि तिचा फोन म्हणजे तडा गेलेली वीट. दुकानातला सगळ्यात भारी फोन काढला, करार माझ्या नावावर केला, दोन वर्षांचा. टार्गेट पुरं, लेक खूश.

डबा हातात दिला तेव्हा तिने तो उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, "कुलूप आहे का याला?" मी म्हटलं, असणारच की, पण तुला काय फरक पडतो, बिल मी भरणार. मग तिने मला मिठी मारली. फोन फारच आवडला असणार, डोळे भरून आले तिचे.

११ मे

मास्तर बिल भरायला आले होते. संगणकावर पाहिलं तर त्यांची दोन वर्षांची मुदत मागच्या हिवाळ्यातच संपलीय. फोनचे पैसे केव्हाच फिटलेत आणि हे गृहस्थ अजून तेवढंच बिल भरतायत. कुलूपही तसंच. मी काही बोलले नाही. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

रात्री जेवताना मी ही गंमत सांगितली. कंपनीचं डोकं बघा म्हटलं. मुदत संपली तरी बिल आपोआप उतरत नाही आणि कुलूप आपोआप उघडत नाही. ज्याने त्याने येऊन मागायचं. आणि गंमत म्हणजे कुणी मागतच नाही. सवय होते, बस. माणसाला वाटतं, हे असंच असतं.

मुंगी भात कालवत होती. तिने विचारलं, "आणि कुणी मागितलं तर?"

"तर द्यावंच लागतं. मुदत संपलीय आणि मागितलं, तर नाही म्हणायची सोय नाही. नियमच आहे तसा."

हे एकदम उठले आणि पाणी आणायला गेले. तांब्या तर भरलेलाच होता.

१४ मे

सकाळी दुकान उघडून मी फळ्यांवरची धूळ झटकत होते. मुंगी दाराची काच पुसत होती. पुसता पुसता, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "आई, तीन वर्षं म्हणाली होतीस. पाचवं सरत आलं."

"मग?"

"मुदत कधीच संपलीय माझी. मागितल्याशिवाय उघडत नाही ना, म्हणून मागतेय."

मग सगळं भडाभडा सांगितलं. धरणाच्या कामावर मोजणीची नोकरी आहे. ते गच्चीवरचे सर म्हणजे तिथले मुख्य मोजणीदार, वयाने ह्यांच्याएवढे. महिनाअखेरीला रुजू व्हायचंय. वडिलांना ठाऊक आहे. हो म्हणालीस तर जाईन, नाही म्हणालीस तर त्यांना आजच कळवावं लागेल, जागा दुसऱ्याला देतील.

मी म्हटलं, दुकानाचे नियम घरात लागू होत नसतात. ती "बरं" म्हणाली आणि काच पुसत राहिली. पुसलेलीच काच पुन्हा. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, चार्जर मागितला. मी दिला. अर्ध्या तासाने परत आला, पिनच भलती होती. दुकानाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं.

दुपारी तिला एवढंच म्हटलं की दोन दिवस थांबायला सांग त्यांना.

१५ मे

आज काही लिहिण्यासारखं नाही. टार्गेटचे तीन करार झाले.

१६ मे

ह्यांना फैलावर घेतलं. सगळं माहीत असून माझ्यापासून लपवलं, मी काय परकी आहे का? हे म्हणाले, मी सांगणार नव्हतो, तिने मागायला हवं होतं. वर म्हणतात, "आपण तिची सही घेतली नव्हती. शब्दावर राहिली पोरगी. शब्दाच्याही वर राहिली."

मी म्हटलं, फी भरली, खोलीचं भाडं भरलं, ते मोजणीचं यंत्र उसनं मिळेना तेव्हा माझ्या बांगड्या गेल्या. हे सगळं काय मी हप्त्याने वसूल करायला दिलं होतं?

"नाही ना?" हे म्हणाले.

"मुळीच नाही."

"मग झालं तर."

मी नाही म्हटलं खरं, पण मग तीन वर्षं अशी अट का घातली होती, हे काही केल्या आठवेना. दुकान नवीन होतं, एकटीला झेपत नव्हतं, एवढं आठवतं. नंतर झेपायला लागलं होतं का, ते मी पाहिलंच नाही बहुतेक. मागच्या पडवीत ते बूट वाळत होते, तेल लावून. विचारलं, हे तिचे का? "मग काय माझे? मला होतात का ते?" वर मलाच ऐकवतात.

मुंगीला उठवून सांगितलं, जा म्हणून. झोपली नव्हतीच. अंथरुणात बसून मोजणीचं पुस्तक वाचत होती.

२० मे

आता नवीन भानगड. तिथे आमच्या कंपनीची रेंज नाही, हे मीच एप्रिलमध्ये लिहून ठेवलंय. म्हणजे मी दिलेला फोन डोंगरात गेला की नुसता आरसा. दुसऱ्या कंपनीचं सिम घालावं तर कुलूप. आणि करार माझ्या नावावर, जेमतेम तीन आठवड्यांपूर्वीचा.

मुंगी म्हणते, मी जुना तडा गेलेला फोन नेते. मी म्हटलं, मोबाईलच्या दुकानदारणीची मुलगी फुटका फोन घेऊन जाणार? लोक तोंडात शेण घालतील माझ्या.

डॉक्टरच्या कानावर गेलंच. टपरीतून ओरडून म्हणाला, "काकू, आणा इकडे, चहा निवायच्या आत उघडून देतो. पैसे नकोत." मला राग यायला हवा होता, पण आला नाही. नको म्हटलं. त्या कड्याकपारीत उद्या फोन यादीत गेला आणि पोरीला हाक मारायची वेळ आली तर? उघडायचं तर सरळ रस्त्याने उघडायचं.

२३ मे

टायवाले आले होते. सांगितलं, करार वेळेआधी संपवून कुलूप काढून हवंय. त्यांना वाटलं एखादं गिऱ्हाईक आहे. म्हणाले, मॅडम, गोड बोलून परतवून लावा, तुम्हाला छान जमतं ते.

मी म्हटलं, गिऱ्हाईक मीच आहे. मला परतवा.

त्यांनी प्रयत्न केला. उरलेला सगळा हिस्सा एकदम भरावा लागेल. भरते. एप्रिलचा करार उणे होईल, म्हणजे एप्रिलचं टार्गेट हुकलं, म्हणजे ढाल गेली. जाऊ दे. अधिकृत दुकानदारच करार मोडतो म्हटल्यावर वर काय तोंड दाखवणार? ते तुमचं तुम्ही बघा. शेवटी टाय सैल करत म्हणाले, पण मॅडम, का? मी म्हटलं, नियमात कारण लिहा असं कुठे आहे, दाखवा.

त्यांना सापडलं नाही. मला आधीच माहीत होतं, परवा पूर्ण वाचून काढलाय तो कागद.

२५ मे

कोड आला. दुपारची वेळ, रस्त्यावर कुणी नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम हवं होतं, ते आमच्याकडे ठेवायला बंदी. म्हणून रस्ता ओलांडून डॉक्टरकडे गेले. दुकान उघडल्यापासून पहिल्यांदाच. त्याने सिम काढून दिलं आणि विचारलं, "दुकानातली संपली का, काकू?" मी म्हटलं, गप दे. त्याने वर सिम काढायची टाचणी स्वतःहून दिली.

परत येऊन शटर अर्धं ओढलं. कंपनीच्याच दुकानात दुसऱ्याचं सिम, कुणी पाहिलं तर आणखी एक भानगड. मुंगी म्हणाली, दे, मी करते. मी दिला नाही. कुलूप मी लावलं होतं, मीच काढणार. एक आकडा चुकला, पुन्हा घातला. पडद्यावर काही फटाके वगैरे फुटले नाहीत. चौकट गेली आणि वरच्या कोपऱ्यात त्या कंपनीचं नाव उमटलं. बस्स.

मुंगीने फोन घेतला. मी म्हटलं, बिल आता तुझं तू भरायचं. ती हो म्हणाली. मग म्हणाली, "तू मला फोन करशील ना? की कंपनी बदलली म्हणून बोलणार नाहीस?"

शटर पूर्ण वर केलं. ऊन आत आलं. गिऱ्हाईक उभंच होतं.

२८ मे

गेली. ट्रकमध्ये पुढे बसून, पाठीवर मोजणीच्या यंत्राचं तीन पायांचं तिकाटणं. बूट बरोब्बर बसले. ह्यांना बूट घेता येतात, हे मान्य करायला हवं.

काउंटरवर एक बाई ठेवल्यात, उद्यापासून येतील. हाताला चलाख वाटतात. किती दिवस राहणार विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही सांगाल तेवढे. मी म्हटलं, असं नको. मुदत ठरवू आणि मुदत संपली की तुम्ही आठवण करा. की मीच करेन. बघू.

६ जून

मास्तर आले. बिलाचे पैसे काउंटरवर ठेवले. मी ते परत त्यांच्याकडे सरकवले आणि सांगितलं, तुमची मुदत मागच्याच हिवाळ्यात संपलीय. फोनचे पैसे फिटलेत. निम्म्या बिलाची योजना घ्या आणि कुलूप काढून हवं असेल तर आत्ता अर्ज टाकते.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, मी तर मागितलं नव्हतं."

मी म्हटलं, माहीत आहे. पण सगळ्यांनाच मागता येतं असं नाही.

अर्ज टाकला. मग संगणकात मुदत संपलेल्या सगळ्यांची नावं काढली. बरीच निघाली. रोज थोड्या जणांना फोन करेन. टायवाले काय म्हणतील ते म्हणोत. एकदा खरं सांगितलं की गिऱ्हाईक पुढचा फोनही आपल्याकडेच घेतं, हा माझा हिशोब आहे, आणि माझे धंद्याचे हिशोब सहसा चुकत नाहीत.

९ जून

फोन वाजला तेव्हा मी फळी पुसत होते, ती ढालीची. नंबर मी नाव घालून ठेवलेला नव्हता, आणि त्या दुसऱ्या कंपनीचा. असे नंबर मी दुकानात उचलत नाही. उचलला.

मुंगीच. उंच कड्यावर उभी होती म्हणे, खाली नदी दोऱ्यासारखी दिसत होती. मोजणीत काल एका जुन्या जाणत्याची रेघ हिने वाकडी ठरवली आणि ती खरंच वाकडी निघाली. मी म्हटलं, पाटीसारखी? म्हणाली, अगदी पाटीसारखी. खूप बोलली. पाच वर्षं काउंटरमागे शेजारी बसून एवढी बोलली नव्हती. मी बाई ठेवल्याचं सांगितलं, मास्तरांचं सांगितलं. कधी येणार हे ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही. तीच म्हणाली, महिनाअखेरीला सुट्टी आहे, येऊ का?

मी म्हटलं, ये, पण दुकानात बसायला नाही हं.

रात्री ह्यांना सांगितलं, मुलीला मी वेळेवर पाठवलं ते किती बरं झालं. हे म्हणाले, "हो ना, तुझाच निर्णय." आणि कूस बदलून झोपले. हसत होते की काय कोण जाणे.

नंबर जपून ठेवलाय. आवाज इतका स्वच्छ आला, की मागून जाणारा वारासुद्धा ऐकू येत होता. तिकडे त्यांचा टॉवर खरंच चांगला आहे. दुकानात हे मी कुणाला सांगणार नाही. विचारलं तर सांगेन.

नाही, न विचारताही सांगेन.